फोटोत न येणारी फेरी

हेलिकॉप्टर चालवणारी माणसं निवांत बसली, की थोड्याच वेळात मोबाइल हातोहात फिरू लागतात. कुणाकडे भर समुद्रात उभ्या असलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा फोटो, कुणाकडे बर्फाच्या धारेवर टेकलेल्या हेलिकॉप्टरचा, कुणाकडे पुराच्या पाण्यातून डोकावणाऱ्या घरांच्या छपरांचा. आपण बघतो तेव्हा देखावा बघतो. दुसरा वैमानिक मात्र आधी फोटोच्या कडेला लटकणारा विंडसॉक शोधतो. वारा कुठून होता? आणि मग विचारतो, आत माणसं किती होती, इंधन किती होतं? त्या फोटोमागची खरी गोष्ट या प्रश्नांनंतर सुरू होते.

मुंबईकरांना हे समजून घ्यायला लांब जायला नको. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते इथेच. आज तिथून मुख्यत: हेलिकॉप्टरं उडतात आणि त्यांतली बरीचशी पश्चिमेला, समुद्राकडे जातात. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये तेल सापडलं तो ‘बॉम्बे हाय’चा भाग आहे. तिथे चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी अशा पाळीने माणसं जातात-येतात. निघण्याआधी प्रत्येकाचं वजन होतं, पिशवीचंही होतं. सुरक्षेच्या सूचना, लाइफ जॅकेट आणि मग तासाभराचा प्रवास. एसटीने कामावर जावं तितक्या सवयीने ही माणसं आत बसतात. पुढच्या दोघा वैमानिकांना मात्र कितव्याही फेरीला सवयीवर विसंबता येत नाही.

समुद्रातल्या हेलिडेकचा एखादा फोटो नीट बघा. मधोमध पांढरा ‘एच’, त्याभोवती पिवळं वर्तुळ. जवळच एक आकडा रंगवलेला असतो, तो या डेकवर जास्तीत जास्त केवढ्या लांबीचं हेलिकॉप्टर उतरू शकतं ते सांगतो. डेकच्या कडेने बाहेर पसरलेली जाळी माणूस घसरला तर त्याला झेलण्यासाठी असते. डेकवर अंथरलेली दोरखंडाची जाळी चाकं घसरू नयेत म्हणून. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे डेकच्या एका बाजूला किमान २१० अंशांच्या टापूत उंच काहीही असता कामा नये. उरलेल्या बाजूला क्रेन असते, चिमणी असते, वायू जाळणारी ज्योत असते. वारा नेमका त्या बाजूकडून आला, की प्लॅटफॉर्मच्या लोखंडी सांगाड्याला वळसा घालून तो डेकवर येतो आणि येताना भोवरे घेऊन येतो. टर्बाइनच्या धुराड्यातून निघणारी गरम हवा त्यात मिसळली, की पंख्यांखालची हवा अचानक विरळ होते. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटोत ऊन असतं, निळं पाणी असतं आणि अंगठा वर केलेला डेकवरचा कर्मचारी असतो.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे डेकची कड. हेलिकॉप्टर जमिनीलगत असतं तेव्हा पंख्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि त्याच उंचीवर तरंगत राहायला कमी ताकद पुरते. डेकवरून उठतानाही हा आधार मिळतो. पण कड ओलांडली की खाली आधार देणारं काही उरत नाही, समुद्र कित्येक मीटर खाली असतो. तेवढ्या वेळात वेग घेता आला पाहिजे आणि दोन इंजिनांपैकी एक त्याच सेकंदाला बंद पडलं तरी निभावलं पाहिजे. उतरतानाही असाच एक क्षण आधीच ठरलेला असतो. त्याच्या अलीकडे इंजिन गेलं तर वर निघून जायचं, पलीकडे गेलं तर काही झालं तरी टेकायचं. हा क्षण नेमका कुठे येणार, हे वारा, तापमान आणि वजन मिळून ठरवतात. जुहूला पिशवीचं वजन करणारा काटा असा थेट या क्षणाशी जोडलेला असतो. दोन किलो जादा सामानावरून कुरकुरणाऱ्या प्रवाशाला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

रात्रीचं उड्डाण हा तर वेगळाच विषय. अमावास्येच्या समुद्रावर क्षितिज नसतं. अंधारात दिव्यांचा एक पुंजका तेवढा दिसतो आणि आपण त्याच्याकडे सरळ चाललो आहोत की खाली घसरतो आहोत, हे डोळ्यांना कळत नाही. तिथे नजरेपेक्षा समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये बॉम्बे हायजवळ रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात दोन वैमानिक गेले. अपघात दिवसाही झाले. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून सातजण मृत्युमुखी पडले. जून २०२२ मध्ये रिगजवळ एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं. नऊपैकी चारजण दगावले, पाच वाचले. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स, म्हणजे सगळा जड भाग, डोक्यावर असतो. त्यामुळे पाण्यात पडल्यावर ते उलटं होऊ पाहतं. ते तरंगत राहावं म्हणून फुगणाऱ्या पिशव्या बसवलेल्या असतात. आणि समुद्रावर जाणाऱ्यांना तलावात हेलिकॉप्टरचा सांगाडा उलटा करून, नाकातोंडात पाणी जात असताना खिडकी चाचपून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण देतात. ते घेतलेली माणसं पुढे कुठेही बसली, तरी आधी खिडकीची कडी कुठे आहे ते बघून ठेवतात.

वजनाचा हा हिशेब हेलिकॉप्टरच्या जन्मापासूनचा आहे आणि त्याची एक फार मोलाची गोष्ट आपल्या आसामात घडली. एप्रिल १९४४. अमेरिकी हवाई दलातला कार्टर हरमन नावाचा लेफ्टनंट लालाघाटच्या धावपट्टीवरून सिकॉर्स्कीचं आर-४ घेऊन ब्रह्मदेशाकडे निघाला. जपानी फौजांच्या पिछाडीला एक छोटं विमान पडलं होतं; त्याचा वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले होते. उष्ण, दमट हवा आणि तोकडं इंजिन. एका वेळी एकच माणूस उचलता येत होता. म्हणून हरमनने एकेकाला आणलं, पुन्हा गेला, इंजिन तापलं तर थांबला, पुन्हा गेला. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते. मला त्यातल्या धाडसाइतकीच किंमत त्या ‘एका वेळी एक’ची वाटते. खाली थांबलेल्या तिघांकडे बघत एकालाच घेऊन निघायला काय लागत असेल?

हाच हिशेब सियाचिनमध्ये टोकाला जातो. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या तुकडीला बिलाफोंड ला खिंडीजवळ ‘चीता’ हेलिकॉप्टरांनी उतरवलं. चीता म्हणजे फ्रान्सचं ‘लामा’. हिमालयातली उंची डोळ्यांसमोर ठेवून भारताने मागणी केली, तेव्हा साठच्या दशकाच्या अखेरीस ते घडवलं गेलं आणि पुढे बंगळुरूला एचएएलमध्ये बनू लागलं. इंजिन एकच, म्हणून तिथे ही हेलिकॉप्टरं जोडीने उडतात. एक खाली बसलं तर दुसरं जवळ असावं. सगळ्यात उंच ठाणी सहा हजार मीटरच्याही वर आहेत. तिथे एका फेरीत वीस-पंचवीस किलोच सामान नेता येतं, म्हणजे जेमतेम रॉकेलचा एक कॅन. टाकीत गरजेपुरतंच इंधन. ऊन चढून हवा आणखी विरळ व्हायच्या आत, सकाळीच कामं उरकायची. हेलिपॅड म्हणजे बर्फावर केलेली छोटीशी सपाट जागा. तिथे इंजिन बंद करत नाहीत, कारण पुन्हा सुरू झालं नाही तर हेलिकॉप्टर तिथेच राहणार. पंखे फिरत असताना जवान सामान ओढून घेतात आणि मिनिटभराच्या आत हेलिकॉप्टर वळतं. एखाद्या आजारी जवानाला खाली न्यायचं असेल, तर त्याच्या वजनाइतकं दुसरं काहीतरी आधीच कमी करून यावं लागतं.

विक्रमांच्या गोष्टीही शेवटी याच वळणावर येतात. २१ जून १९७२ ला झ्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं, तेही आतलं काढता येण्यासारखं बहुतेक सगळं काढून टाकून. तिथे इंजिन बंद पडलं आणि नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्यांच्या आधाराने तो जमिनीपर्यंत आला. १४ मे २००५ ला दिदिए देलसाल हा वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकला, ३ मिनिटं ५० सेकंद.

हे सगळे फोटो गेलेल्या आणि पोचलेल्या फेऱ्यांचे आहेत. वैमानिकांशी थोडा वेळ बोललं, की त्यांच्या आयुष्यातले कठीण निर्णय वेगळेच असल्याचं कळतं. अर्ध्या वाटेवरून परत फिरणं, दोन माणसं खाली उतरवणं, ‘आज नाही’ म्हणणं. याचा फोटो कोण काढणार? केदारनाथच्या खोऱ्यात तर बाहेर भाविकांची रांग असते, पुढच्या फेरीची वेळ ठरलेली असते आणि ढग दहा मिनिटांत दरी भरून टाकतात. १५ जून २०२५ ला तिथून परतणारं हेलिकॉप्टर पहाटेच्या ढगाळ हवेत कोसळलं. सातजण गेले, त्यात यवतमाळ जिल्ह्यातले प्रवासीही होते. ‘आज नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाला पगार, पाळी किंवा नाराजी यांची धास्ती वाटता कामा नये, एवढी व्यवस्था आपल्याकडे सगळीकडे आहे का, हा प्रश्न अशा प्रत्येक अपघातानंतर विचारायला हवा.

आणि ‘नाही’ म्हणण्याचीही किंमत कुणीतरी मोजत असतं. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस आपण विसरलेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झालं, ते फार थोड्यांना आठवतं. बॉम्बे हायजवळच्या ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांना दुखापत झाली. एरवी त्याला हेलिकॉप्टरने आणलं असतं. त्या हवेत हेलिकॉप्टरं उडूच शकत नव्हती. म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी जहाज जवळ नेलं. लाटांच्या मारात ते वायू वाहून नेणाऱ्या नळांवर आदळलं, गळती झाली, पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली.

त्या दिवशी न उडण्याचा निर्णय बरोबरच होता. चूक शोधायची तर ती हेलिकॉप्टर नसलेल्या दिवसाची तयारी कशी होती, यात शोधावी लागेल. पावसाळ्यात असे दिवस दर वर्षी येतात. जखमी माणूस जहाजावरच थांबवून उपचार कसे करायचे, कोणत्या हवेत जहाजाने प्लॅटफॉर्मच्या किती जवळ जायचं नाही, हे जमिनीवर बसून आधीच ठरवता येतं. वैमानिकाचा नकार हा त्या योजनेचा भाग धरायला हवा.

फोटोत न येणाऱ्या अशा गोष्टी सांगायची रीत विमानविद्येत आहे. अमेरिकेत नासा ही संस्था १९७६ पासून वैमानिकांकडून थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची हकिकत मागवते आणि नाव काढून टाकून ती सगळ्यांना वाचायला देते. आपल्याकडे हवेतून किंवा विमानतळावर फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांमधल्या तेराव्या नियमाने परवानगीची अट घातली आहे, त्यामुळे चित्रांचा साठा तसाही मर्यादित राहणार. सांगण्यावर मात्र अशी अट नाही. जुहूहून वर्षानुवर्षं समुद्रावर गेलेले कितीतरी वैमानिक आज निवृत्त होऊन मुंबई-पुण्यात आहेत. परत फिरलेल्या फेऱ्या त्यांच्याकडून तारीख, वारा, वजन आणि कारण यांच्यासह मराठीत लिहून घ्यायला हव्यात, आणि त्या वाचायला पहिल्यांदा डेकवर उतरणाऱ्या वैमानिक मुलामुलींइतक्याच त्यांच्या मागे बसणाऱ्या प्रवाशांनाही द्यायला हव्यात.