हिमवादळांची सामुदायिक नोंदवही

वादळ येते आणि जाते. मागे उरते ती त्याची आठवण, आणि आठवणीवर विसंबून शास्त्र उभे राहत नाही. ज्याच्या दारापुढे छातीइतके हिम साचले, त्याला ते वादळ शतकातले सर्वांत भीषण वाटते. आणि पाचसहा मैलांवर राहणारा त्याचाच आप्त म्हणतो, 'आमच्याकडे तर काही विशेष झाले नाही.' दोघेही खरेच बोलत असतात. मग त्या वादळाचे खरे रूप कोणते, हे ठरवायचे कोणी आणि कसे? उत्तर अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर गेली पावणेदोनशे वर्षे सामान्य नागरिकांच्या साहाय्याने शोधले जात आहे. त्या सामुदायिक उद्योगाचा परिचय करून देणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव जोसेफ हेन्री यांनी १८४९ साली सुमारे दीडशे स्वयंसेवकांचे जाळे उभारले. हे लोक आपापल्या गावच्या हवेची दैनंदिन टिपणे संस्थेकडे पाठवीत. पुढे १८९० साली तेथील संसदेने हवामान खाते मुलकी कारभाराखाली आणले, आणि स्वयंसेवक निरीक्षकांची योजना कायद्याने रूढ झाली. आजही त्या योजनेत आठ हजारांहून अधिक निरीक्षक आहेत. याखेरीज दुसरे एक जाळे अलीकडच्या काळात निर्माण झाले. १९९७ च्या जुलैत कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका भागात काही तासांत फूटभराहून अधिक पाऊस कोसळला, तर त्याच शहराच्या दुसऱ्या भागात तो बेताचाच पडला. पुरात माणसे दगावली. अधिकृत केंद्रे इतकी विरळ होती की, हा फरक वेळीच कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या अनुभवातून १९९८ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पाऊस, गारा आणि हिम मोजणाऱ्या नागरिकांची 'कोकोरॉझ' ही संघटना जन्मास आली. आज तिचे वीस हजारांहून अधिक निरीक्षक अमेरिकेत व कॅनडात पसरलेले आहेत.

इतक्या माणसांची गरज तरी काय, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर २०१४–१५ च्या एका हिवाळ्यातच मिळते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बफलो शहरावर जे संकट आले, त्याचे मूळ ईरी सरोवरात होते. सरोवराचे पाणी अद्याप उबदार, आणि वरून वाहणारा वारा अतिशीत. असा वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहू लागला म्हणजे वाटेत बाष्प शोषून घेतो आणि पलीकडच्या काठावर ते हिमाच्या रूपाने ओततो. पण हा ओघ फार अरुंद पट्ट्यात वाहतो. शहराच्या दक्षिणेकडील वस्त्यांत पाच फुटांहून अधिक हिम पडले, काउल्सव्हिल या गावी तर ८८ इंचांची नोंद झाली; आणि काही मैल उत्तरेस अवघे काही इंच! एखाद्या शहराचे एकच अधिकृत केंद्र असते, आणि ते या सीमारेषेच्या कोणत्या बाजूस पडेल हा योगायोगाचा भाग. ती रेषा नकाशावर काढता येते ती घरोघरच्या नोंदींमुळे. म्हणूनच 'आज हिम पडले नाही', ही शून्याची नोंदही मोलाची समजली जाते. नोंद नसणे आणि नोंद शून्य असणे, यांत फार अंतर आहे.

हिम मोजणे मात्र पाऊस मोजण्याइतके सरळ नाही. आपल्याकडे तालुका कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक अनेकांनी पाहिला असेल; साचलेले पाणी मोजपात्रात ओतले की काम झाले. हिम वाऱ्याने उडते, एका कोपऱ्यात ढीग होते, दुसरीकडे जमीन उघडी पडते, आणि स्वतःच्या वजनाने तासातासाला दबते. म्हणून पांढरा रंग दिलेली एक लाकडी फळी मोकळ्या जागी ठेवतात, तीवरील नव्या हिमाची जाडी इंचाच्या दशांशापर्यंत मोजतात आणि फळी पुसून पुन्हा ठेवतात. ही फळी सहा तासांत एकाहून अधिक वेळा पुसायची नाही, असा दंडक आहे. कारण उघड आहे. दर तासाला फळी पुसून आकड्यांची बेरीज केली, तर हिमाला दबण्यास अवसरच मिळत नाही आणि बेरीज फुगते. नियम एक नसेल, तर शेजारच्या दोन गावांची तुलनाही व्यर्थ ठरते.

दुसरे माप पाण्याचे. निरीक्षकापाशी चार इंच व्यासाचे पारदर्शक नळकांडे असते. हिवाळ्यात त्याचे नरसाळे व आतली नळी काढून ठेवतात, म्हणजे हिम थेट आत पडते. मग ते घरात आणून, त्यात मोजून कोमट पाणी ओतून वितळवतात आणि ओतलेले पाणी वजा करतात. दहा इंच हिम म्हणजे एक इंच पाणी, हा ढोबळ हिशेब. पण ओले हिम पाच इंचांतच तेवढे पाणी देते, आणि कोरडे, भुरभुरीत हिम वीस इंचांनाही तेवढेच देते.

या हिशेबावर माणसांचे जीव अवलंबून असतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर चार इंच पाण्याइतके हिम साचले, तर त्याचे ओझे सुमारे दहा टन होते. त्याच हिवाळ्यात बोस्टन शहरी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नावापुरतेच हिम होते. नंतर वादळामागून वादळ आले. एकट्या फेब्रुवारीत ६४ इंचांहून अधिक हिम पडले आणि हंगामाची बेरीज ११०.६ इंचांवर गेली. १९९५–९६ चा १०७.६ इंचांचा उच्चांक मोडला. मॅसॅच्युसेट्समध्ये अनेक छपरे कोसळली. उपसून रचलेल्या हिमाचा शेवटचा ढीग जुलैच्या मध्यास वितळला! अशा साठ्यात पाणी किती आहे हे ठाऊक असेल, तरच पुराची सूचना देता येते. शिवाय, हिमवादळासाठी केंद्र सरकारची मदत मिळावयाची तर त्या परगण्यातील हिमपात उच्चांकाइतका किंवा त्याच्या जवळपास असल्याचे दाखवावे लागते. तेथे आठवण उपयोगी पडत नाही, आकडा लागतो.

अंदाज वर्तविणाऱ्यांनाही हाच आकडा आरसा दाखवतो. २६ व २७ जानेवारी २०१५ च्या वादळात न्यूयॉर्कला दोन फुटांच्या आसपास हिमाचा इशारा होता; भुयारी रेल्वेही बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात पडले ९.८ इंच. लोकांनी थट्टा केली. परंतु त्याच वादळाने वूस्टर शहरात ३४.५ इंच हिम टाकले, हा तेथील उच्चांक होता. वादळ खोटे नव्हते. त्याची कडा तेवढी पूर्वेकडे सरकली होती. गावोगावच्या नोंदी एकत्र मांडल्यावाचून हा भेद स्पष्ट झाला नसता.

एवढे करूनही चुका राहतात, आणि त्या दुरुस्त करण्याचे धैर्य हेही या परंपरेचे अंग आहे. जानेवारी २०१६ च्या वादळानंतर काही केंद्रांच्या आकड्यांविषयी संशय आला, तेव्हा राष्ट्रीय हवामान सेवेने तज्ज्ञांकडून तपासणी करविली. नेवार्कचा आकडा अग्राह्य ठरला. सेंट्रल पार्कचा २६.८ इंचांचा आकडा २७.५ असा सुधारण्यात आला, आणि २००६ चा २६.९ इंचांचा उच्चांक मागे पडला. वादळ ओसरल्यावर कित्येक आठवड्यांनी त्याची खरी उंची निश्चित झाली.

विमाने, रडार आणि उपग्रह यांच्या या युगातही फळीवरचे हिम मोजायला माणूसच लागतो. सकाळी सातच्या सुमारास, बोचऱ्या थंडीत, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी शाळकरी मुलगी अंगणात जाते, मोजपट्टी टेकवते आणि एक आकडा लिहून ठेवते. त्याचे वेतन नाही, गाजावाजाही नाही. एकट्या आकड्याला फारसे मोलही नाही. पण एकाच नियमाने, एकाच वेळी, इतक्या हातांनी प्रामाणिकपणे लिहिलेले आकडे एकत्र आले म्हणजे, ज्या वादळात कोणाला दहा पावलांपुढचे दिसत नव्हते, ते समग्र वादळ प्रथमच दृष्टीस पडते.