पोलादाची 30 दिवसांची परीक्षा: पीएच सरकला तर कच्चा पाइपही पास होतो

सप्टेंबर 2013. कझाकस्तानच्या काशागान तेलक्षेत्रात, कॅस्पियन समुद्रात, उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच थांबवावं लागलं. पाइपलाइनच्या पोलादाला तडे जाऊन गॅस गळत होता. सुमारे 200 किलोमीटर पाइप बदलावे लागले. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला 2016 उजाडलं.

इथला गुन्हेगार म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू. तो पाण्यात मिसळला की पोलाद गंजतं आणि त्यातून हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी हे अणू जोडी जमवून बुडबुड्यांच्या रूपात निघून जातात. हायड्रोजन सल्फाइड मात्र जोडी जमू देत नाही. मग बरेच अणू थेट पोलादात शिरतात, पोलाद ठिसूळ होतं आणि ताण पडताच तडकतं.

म्हणून अशा कामाच्या पोलादाची आधी लॅबमध्ये परीक्षा होते. ‘टीएम 0177’ या मानकानुसार 5 टक्के मिठाच्या पाण्यात 0.5 टक्के ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलंच) घालतात. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलतात, मग हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यात ताणलेला तुकडा 720 तास, म्हणजे 30 दिवस ठेवायचा. तुटला की नापास.

खरी गोम पुढे आहे. गंजता गंजता पोलाद आम्ल खात जातं. सुरुवातीला 2.7 च्या आसपास असलेला पीएच वर सरकतो. पीएच फक्त 1 ने वाढला तरी आम्लता दहापट घटते! आम्लता घटली की हायड्रोजनही कमी, म्हणजे परीक्षा सुरू असतानाच पेपर सोपा होत जातो. त्यामुळेच शेवटी पीएच 4 च्या वर गेलेला चालत नाही.

यावर उपाय दोन. एक, द्रावण भरपूर घ्यायचं: तुकड्याच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण 30 मिली. दुसरा उपाय बफरचा. याच मानकातल्या दुसऱ्या द्रावणात ॲसिटिक ॲसिड 2.5 टक्के, म्हणजे पाचपट असतं, पण सोबत सोडियम ॲसिटेट असल्याने पीएच 3.5 च्या आसपास राहतो. ॲसिड जास्त आणि आम्लता कमी, हे कसं? बहुतेक ॲसिड राखीव साठ्यासारखं पडून असतं आणि लागेल तसं थोडं थोडं सुटतं.

मग सरळ जहाल आम्लच का वापरत नाहीत? कारण त्यात चांगलं पोलादही विनाकारण नापास होईल आणि कंपनीला महागडा मिश्रधातू घ्यावा लागेल.