जुन्या पिकअपमध्ये माल बांधताना

बुऱ्हाणपूरहून इंदूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर असीरगडचा घाट लागतो. केळी असोत वा यंत्रमागाच्या कापडाच्या गठाणी, बांधणीची परीक्षा तिथेच होते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, माल मात्र पुढे धावू पाहतो. म्हणून जड माल तळाशी आणि केबिनच्या भिंतीला चिकटवून लावावा, मध्ये फट ठेवू नये.

जुन्या गाडीत खरा दगा देतात ते हूक. पत्रा गंजला की वेल्डिंग वरून शाबूत दिसतं, पण ताण आला की हूक पत्र्यासकट उचकटतो. दोर बांधण्याआधी हूक हिसडून पाहा. शंका आली तर खालच्या लोखंडी चौकटीलाच दोर घ्या. फाळक्याच्या कडीवर माल रेलू देऊ नका, झिजलेली कडी धक्क्यानं निसटते.

केळीच्या घडांवर दोर थेट आवळला तर साल काळी पडते, मग व्यापारी भाव पाडतो. मध्ये वाळलेली पानं घालावीत. ताडपत्री वाऱ्या-पावसासाठी असते, तिच्या भरवशावर माल सोडू नये.

माल बसला की दोर सैल पडतो; आठ-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. आणि माल हौद्याबाहेर आला, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दंड 20,000 रुपये आहे.