संगणक हॉलमध्ये, खेळ हातात

मुंबईतल्या देवनारच्या वन बीएचके घरात संगणकाची जागा एकच, हॉलचा कोपरा. रात्री तिथे अंथरुणं पडली, आजी-आजोबा झोपले, की मॉनिटर बंद करावा लागतो. हजारो रुपयांचं ग्राफिक्स कार्ड मग सकाळपर्यंत नुसतं पडून राहतं. त्याच वेळी आतल्या खोलीत हातातल्या कन्सोलवर संगणकावरचा मोठा खेळ खेळता येतो, हे अजून फार घरांना ठाऊक नाही.

खेळ संगणकावरच चालतो. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक चित्र त्याच क्षणी दाबून लहान करतं आणि वायफायवरून पाठवतं. हातातलं यंत्र ते उलगडून दाखवतं, आणि दाबलेल्या बटणाची खबर उलट दिशेने जाते. १२८० बाय ७२० पिक्सेलची, सेकंदाला ६० चित्रं न दाबता पाठवायची तर सेकंदाला सुमारे १.३ गिगाबिट लागतील. दाबल्यावर १० मेगाबिट पुरतात. हातातल्या यंत्राला व्हिडिओ दाखवण्याइतकंच काम उरतं, म्हणून जुनं, अशक्त यंत्रही चालतं. मात्र तेवढा वेळ संगणक खेळात गुंतलेला असतो; त्यावर दुसऱ्याला काम करता येत नाही.

ही सोय कंपन्यांनी आधी आपापल्या कुंपणात ठेवली होती. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाने २०१३ मध्ये ‘शील्ड’ हे हातातलं यंत्र आणलं आणि खेळाची चित्रं पाठवणारं ‘गेमस्ट्रीम’ आपल्याच यंत्रांपुरतं राखलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एका हॅकेथॉनमध्ये ‘लाइमलाइट’ लिहिलं आणि ही सोय साध्या अँड्रॉइड यंत्रांवर आणली. पुढे त्याचं नाव ‘मूनलाइट’ झालं. हौशी प्रोग्रामरांनी ते सोनीच्या व्हिटावर आणि निन्टेन्डोच्या स्विचवर, म्हणजे थेट दुसऱ्या कंपन्यांच्या हातातल्या यंत्रांवर नेलं. २०२३ मध्ये एन्व्हिडियाने गेमस्ट्रीम मागे घेतलं, तरी खेळ थांबला नाही. संगणकाची बाजू सांभाळणारं ‘सनशाइन’ तोवर तयार होतं. ते मोफत आहे आणि एएमडी, इंटेलच्या ग्राफिक्सवरही चालतं. कंपनीने दिलेली सोय गेली. लोकांनी खुली लिहिलेली टिकली.

आपल्याकडे मात्र यंत्र निवडताना जपायला हवं. स्विच आणि स्टीम डेक ही हातातली यंत्रं त्यांच्या कंपन्यांनी भारतात अधिकृतपणे आणलेली नाहीत. दुकानात दिसतात ती बाहेरून आलेली, कंपनीच्या वॉरंटीविना. स्टीम डेकची प्रणाली मोकळी असल्याने त्यावर मूनलाइट सहज बसतं. स्विच किंवा व्हिटावर बसवायचं तर यंत्राचं कुलूप तोडावं लागतं, आणि असं स्विच निन्टेन्डो आपल्या ऑनलाइन सेवेतून बाद करू शकते. घरातल्या मुलासाठी अँड्रॉइड फोन आणि त्याला जोडायचा कंट्रोलर हा सुरक्षित मार्ग आहे.

इमारतीला इमारत खेटलेल्या देवनारसारख्या भागात खरी अडचण हवेत असते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांवरच गर्दी करतात. व्हिटाला तर २.४ सोडून दुसरा पट्टा कळतच नाही. ६० चित्रांच्या वेगात प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्या गर्दीत एखादं अडकलं की खेळ अडखळतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, पण काँक्रीटची भिंत त्याला लवकर अडवते. म्हणून संगणक राउटरला लॅन केबलने जोडावा, म्हणजे हवेतला प्रवास एकच उरतो. हातातलं यंत्र ५ गिगाहर्ट्झवर ठेवावं, आणि राउटर व ते यांच्यात शक्यतो एकाहून जास्त भिंत नसावी. चित्रं घरातल्या घरात फिरतात, त्यासाठी इंटरनेटचा महागडा प्लॅन लागत नाही. हॉस्टेलच्या वायफायवर मात्र यंत्रं अनेकदा एकमेकांपासून तोडलेली असतात. तिथे ही युक्ती चालेलच असं नाही.

विकत घेतलेला खेळ कोणत्या पडद्यावर खेळायचा, हे यंत्र विकणाऱ्या कंपनीने का ठरवावं? तो हक्क खेळणाऱ्याचाच आहे, आणि मूनलाइट-सनशाइन लिहिणाऱ्यांनी तो आपल्याला फुकट मिळवून दिला आहे. तेव्हा नव्या यंत्रावर वीस-तीस हजार घालण्याआधी एक केबल आणा, संगणकावर सनशाइन आणि हातातल्या फोनवर मूनलाइट टाका, आणि आठवडाभर त्यावर खेळून पाहा. नवं यंत्र खरंच हवं आहे का, ते मग ठरवा.