नवा मासा, वेगळी टाकी: एक मागोवा

सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांचा लंपी त्वचारोग पसरला आणि राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. घोडेगाव, काष्टीच्या बाजारांवर ज्याचा गोठा उभा आहे, त्या नगर जिल्ह्याला नवं जनावर काही दिवस लांब बांधण्याचं मोल सांगावं लागत नाही. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांना मात्र हे शहाणपण फार सावकाश मिळालं.

१९३१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी मत्स्यालयातल्या समुद्री माशांवरच्या एका जीवघेण्या परजीवीचं वर्णन केलं. हौशी लोक त्याच्या रोगाला आज ‘वेल्व्हेट’ म्हणतात. माशावर पांढरे ठिपके पाडणाऱ्या दुसऱ्या परजीवीला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नावही ब्राउन यांनीच दिलं, १९५१ मध्ये. त्याच वर्षी २७ मे रोजी मुंबईच्या मरिन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. समुद्रातले मासे काचेपलीकडे जिवंत पाहण्याची हौस मराठी घरांत रुजवण्यात त्या वास्तूचा वाटा मोठा आहे.

नाव मिळालं, तरी पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचा दिनक्रम उलगडायला आणखी काही दशकं गेली. १९८० च्या दशकात इस्राएलमधल्या एलात इथे अँजेलो कोलोर्नी यांनी त्यावर मोलाचं काम केलं. परजीवी माशाच्या कातडीखाली साधारण तीन ते सात दिवस पोसतो. मग गळून पडतो, वाळूवर किंवा काचेवर कोष करतो. कोषातून शेकडो पिल्लं सुटतात आणि त्यांना दोनेक दिवसांत मासा गाठावाच लागतो. म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग बरा झालेला नसतो, तो तळाशी वाढत असतो. बहुतेक कोष चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. लागण झालेली टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी, हा हौशींचा दंडक त्यातूनच आला.

उपायही याच दिनक्रमावर बेतलेले आहेत. तांब्याचं औषध पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कोषांना नाही, म्हणून ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवावं लागतं. मुख्य टाकीत ते घालता येत नाही, कारण प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी त्यानं मरतात. औषधाविना करायचं तर दर तिसऱ्या दिवशी मासा धुऊन वाळवलेल्या टाकीत हलवायचा, असं चारदा. कोष फुटायच्या आत मासा पुढे निघून जातो.

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणं नगरला अधिकच गरजेचं आहे. इथे समुद्राचं पाणीसुद्धा आरओच्या पाण्यात मीठ कालवून घरी करावं लागतं. मासा मुंबई-पुण्याहून पिशवीत येतो, त्याआधी निर्यातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार अशा कित्येकांच्या टाक्यांतून फिरलेला असतो. हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिशही दुकानातल्या पाण्यातून जातोच. म्हणून मासा कितीही तजेलदार दिसो, चार ते सहा आठवडे त्याला वेगळं ठेवायला हवं. त्याला लागतं ते थोडकंच: वाळू नसलेली लहान टाकी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि स्वतंत्र जाळी.

यातले कित्येक मासे आजही थेट प्रवाळातून धरून आणले जातात. त्यांना इतक्या लांब आणणाऱ्यावर त्यांच्या जिवाची जबाबदारी येते. खर्चाचा कागद मांडताना नगरच्या हौशींनी या दुसऱ्या टाकीची किंमत पहिल्या ओळीत लिहावी.