रेषेची जाडी

रेषेची जाडी म्हणजे रेखाटनात, आरेखनात किंवा संगणकीय चित्रांकनात रेषेने व्यापलेली रुंदी होय. भूमितीतील रेषेला केवळ लांबी असते. कागदावर ओढलेल्या रेषेला मात्र जाडी टाळता येत नाही. ती किती ठेवावी, यावर रेषेचा अर्थ आणि पुष्कळदा चित्राचा अचूकपणाही अवलंबून असतो.

हस्तलेखन
तिरप्या कापलेल्या बोरूने देवनागरी लिहिताना वरच्या उजव्या बाजूकडून खाली डावीकडे उतरणारी रेषा जाड उमटते, तर तिला छेदणारी बारीक. अक्षराचे वळण या भेदातूनच सिद्ध होते. बॉलपेनने तो साधत नाही.

अभियांत्रिकी आरेखन
वस्तूच्या दिसणाऱ्या कडा जाड अखंड रेषेने, तर मापरेषा बारीक अखंड रेषेने काढतात. दोन्ही जाड्यांचे प्रमाण सामान्यतः २:१ असते. सर्व रेषा सारख्याच जाडीच्या असल्या, तर कड कोणती आणि मापरेषा कोणती, हे कारागिराला शोधत बसावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिमी अशी जाड्यांची श्रेणी वापरतात. यातील प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट आहे. ए-३ कागदावरील आकृती ए-२ आकारात वाढविली, की लांबीही तितक्याच पटीने वाढते, त्यामुळे ०.३५ मिमीची रेषा ०.५ मिमीची होते आणि वाढविलेल्या प्रतीत दुरुस्ती करण्यास श्रेणीतील पुढचेच पेन चालते.

नकाशा
येथे जाडी जमीन झाकते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ०.५ मिमी जाडीची रेषा प्रत्यक्षातील २५ मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. ६ मीटर रुंदीचा रस्ता प्रमाणात दाखवायचा, तर रेषा अवघी ०.१२ मिमी जाड हवी. ती सहज दिसणार नाही, म्हणून रस्ता मुद्दाम जाड काढतात आणि प्रसंगी लगतच्या खुणा थोड्या बाजूला सरकवतात. अशा रेषेची जाडी पट्टीने मोजून रस्त्याची रुंदी काढणे चूक आहे. विद्यार्थी ती हमखास करतात. समोच्च रेषांमध्ये सहसा दर पाचवी रेषा जाड असते, त्यामुळे उंची मोजणे सोपे जाते.

संगणकीय चित्रांकन
पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेत रेषेची जाडी शून्य दिल्यास यंत्र त्याला शक्य असलेली सर्वांत बारीक रेषा काढते. इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या मुद्रकावर ती सुमारे ०.०८५ मिमी भरते व नीट दिसते. २,५४० ठिपक्यांच्या यंत्रावर मात्र ती ०.०१ मिमी होऊन जवळजवळ नाहीशी होते. म्हणून छपाईसाठीच्या आकृतीत जाडी शून्य न ठेवता निश्चित आकड्यात देतात.