श्रम, विसावा आणि शरीराचा जमाखर्च

स्वतःच्या देहभाराखेरीज कोणतेही साधन न घेता काही सेकंद सर्वशक्तीनिशी श्रम करावेत, क्षणभर थांबावे आणि श्वास पुरता स्थिर होण्यापूर्वीच पुन्हा श्रमास प्रवृत्त व्हावे, अशा ज्या व्यायामपद्धतीचा आज शहरोशहरी बोलबाला आहे, ती सर्वस्वी अपूर्व आहे असे वऱ्हाडातील जुन्या आखाडेबाजास पटवून देणे कठीण जाईल. बैठकीतून हात टेकून पाय मागे झोकावेत, एक जोर काढावा आणि पुन्हा बैठकीत येऊन उठावे, असे सपाटे आपल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले. आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रॉयल बर्पी यांनी १९३० नंतरच्या दशकात शारीरिक क्षमता मोजण्यासाठी जो प्रकार योजिला, तो या सपाट्यांचा निकटचा आप्तच शोभेल. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. तेव्हा प्रश्न नावीन्याचा नाही. अशा श्रमाची किंमत शरीर कोणत्या खात्यातून चुकते करते, हा आहे.

जोर काढताना देह जमिनीशी समांतर येतो त्या क्षणी वजनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भार तळहातांवर असतो; म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस दर जोराला ४० किलोंहून अधिक भार तोलतो. या कामासाठी स्नायूंत फॉस्फोक्रिएटिनची जी रोकड शिल्लक असते, ती पूर्ण जोमाच्या श्रमात साधारण १० सेकंदांत बहुतांशी सरते. पुढचा खर्च प्राणवायूची वाट न पाहता ग्लायकोजेन मोडून भागवावा लागतो. त्यातून लॅक्टेट साचते, स्नायूंतील आम्लता वाढते आणि अवयव जड होतात. श्रम थांबल्यावरही धाप चालू राहते, कारण उधारीची वसुली तेव्हाच होत असते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल, ज्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी या स्थितीस प्राणवायूचे ऋणच म्हटले होते. रोकडीचा अर्धा भाग परत भरण्यास सुमारे अर्धा मिनिट आणि बहुतेक सगळा भरण्यास काही मिनिटे लागतात; सबब १० सेकंदांच्या विसाव्यानंतर आरंभिलेला प्रत्येक फेरा आधीच्या बाकीसह सुरू होतो.

जपानचे इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० सेकंद श्रम व १० सेकंद विसावा असे सात-आठ फेरे होते, आणि सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची व त्यावाचून काम करण्याची, अशा दोन्ही शक्ती वाढल्याचे आढळले. परंतु ते श्रम स्थिर सायकलवरचे होते, करणारे तरुण व व्यायामाची सवय असलेले होते, आणि भार इतका जबर ठेवला होता की आठव्या फेऱ्याअखेर त्यांची शक्ती संपावी. घड्याळ तेवढे उचलून हा भार व ही पूर्वतयारी सोडून देणाऱ्यास त्या निष्कर्षांवर हक्क सांगता येणार नाही.

पूर्वतयारीचा बोलका दाखला वर्धा जिल्ह्यात आहे. १९३८ साली आचार्य विनोबा भावे धाम नदीकाठी पवनारला आले तेव्हा प्रकृती खालावून त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. त्यांनी शेतात खणण्यास आरंभ केला तो पहिल्या दिवशी अवघ्या पाच मिनिटांचा. पुढे रोज थोडी भर घालीत ते दोन तासांपर्यंत पोहोचले, आणि त्या खणण्यातही मधूनमधून काही सेकंद थांबण्याचा त्यांचा क्रम हिशेबाने बांधलेला होता. वजन १२८ पौंडांवर गेले. कुदळीचा हा श्रम आजच्या अर्थाने अतितीव्र नव्हे. पण मात्रा कशी वाढवावी आणि विसावा हा श्रमाचाच भाग कसा मानावा, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

या जिल्ह्यात आणखी एका गोष्टीची दखल घेणे प्राप्त आहे. स्नायू खर्चिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असता ती बाहेर टाकण्यासाठी त्वचा रक्त मागते आणि त्याच वेळी स्नायूही. हृदयावर दोन्हीकडून तगादा बसतो. उन्हाखेरीज दुसरा धोका खुद्द स्नायूंना असतो: बैठकीत खाली जाताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्याने तंतूंना सूक्ष्म इजा होते व दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. सवय नसता एकदम शेकडो बैठका काढल्यास तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून लघवी काळपट-तांबडी होऊ शकते. मूत्रपिंडे निकामी होण्याचा तो इशारा असून तेव्हा विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की १६०० मीटर धावण्याच्या चाचणीसाठी उमेदवार अनेक महिन्यांची तयारी थोडक्या आठवड्यांत उरकू पाहतात. या मजकुराचा खरा उपयोग त्यांनाच आहे. आरंभी थोडे सपाटे आणि धाप ओसरेपर्यंत पुरता विसावा घ्यावा, नंतर फेरे वाढवावेत आणि विसावा सर्वांत शेवटी आखूड करावा. आठवड्यातून दोन-तीनच दिवस असा कस लावावा, उन्हाळ्यात तो सूर्योदयापूर्वी आटोपावा, आणि हृदयविकार वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून या वाटेस जाऊ नये. भरतीची तारीख सरकार ठरवील, परंतु तयारीचा आरंभ जाहिरातीपूर्वी करणे सर्वस्वी उमेदवाराच्या अखत्यारीत आहे.